अकरा महिन्यांचा कागद आणि नऊ क्विंटल धान

भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या करडीत जून संपता संपता परे टाकून झालेले असतात आणि रोवणीला अजून थोडा अवकाश असतो. धानाच्या शेतकऱ्याला श्वास घ्यायला मिळणारे हे मोजके दिवस. नेमके याच दिवसांत बारावी झालेल्या पोरापोरींचे प्रवेश लागतात आणि बाप लेकराला घेऊन पहाटेच घर सोडतो. भंडाऱ्याला गाडी बदलायची, पारडी ओलांडून नागपुरात शिरायचं, कॉलेजात पैसे भरायचे आणि उरलेल्या दुपारी खोली शोधायची. संध्याकाळच्या गाडीने गावाला परतायचं असतं. त्यामुळे खोली त्या तीन-चार तासांतच मिळावी लागते.

नंदनवन, हनुमाननगर, सक्करदरा, मानेवाडा. गल्लोगल्ली फाटकांना तारेने बांधलेल्या पाट्या दिसतात : ‘रूम किरायाने देणे आहे. फक्त मुलींकरिता.’ बेल वाजवली की गॅलरीतून प्रश्न सुरू होतात. गाव कोणतं? किती जणी राहणार? आडनाव काय? नॉनव्हेज खाता का? उत्तरं पसंत पडली तर बाहेरच्या जिन्याने वर नेतात. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात ओटा, नळाला सकाळी तासभर पाणी, दाराशेजारी विजेचा सबमीटर. दोघींत मिळून महिन्याला सात हजार, तीन महिन्यांचं डिपॉझिट, पहिला महिना आगाऊ. बाप भीतभीतच करारनाम्याचं विचारतो. ‘कागद कशाला हवा? आपलीच पोरगी समजून ठेवतो,’ असं उत्तर येतं. फार झालं तर चौकातल्या नोटरीकडून स्टॅम्पवर चार ओळी टाइप करून मिळतात, खाली शिक्का बसतो. बापाच्या जिवावरचं ओझं उतरतं आणि तो गाडीला लागतो.

घरमालकाचं ते वाक्य बहुतेक वेळा मनापासूनचंच असतं. नागपुरात माडीवरची एक खोली किरायाने देणारी माणसं काही इमारतींचे धनी नसतात. कुणी निवृत्त शिक्षक असतो, कुणी नवऱ्यामागे एकटी राहणारी बाई, कुणी पेन्शनीत काही हजारांची भर घालू पाहणारा. पण चांगुलपणावर उभा असलेला व्यवहार पहिल्या वादापर्यंतच टिकतो. भिंतीला ओल आली, मैत्रीण दोन दिवस राहायला आली, पोरीने परीक्षेनंतर खोली सोडायचं ठरवलं, की तीन महिन्यांच्या त्या डिपॉझिटचं काय होणार हा प्रश्न पुढे येतो. त्या वेळी हाती एकही कागद नसतो.

ही रक्कम करडीच्या मापाने मोजून पाहावी. तीन महिन्यांचं डिपॉझिट म्हणजे 21,000 रुपये. केंद्र सरकारने 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाला जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे जवळपास नऊ क्विंटल धान. पेरलं, रोवलं, निंदलं, कापलं, चुरलं, केंद्रावर नेऊन मोजलं, असं नऊ क्विंटल धान अनोळखी माणसाच्या हातात पावतीशिवाय ठेवून बाप गावाला परततो. तेही रोवणीची मजुरी आणि खताचे पैसे तोंडावर आलेले असताना.

महाराष्ट्रात या व्यवहारावर कायदा आहे आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. कायद्याच्या अनुसूचीत दिलेल्या शहरांना तो लागू आहे. मुंबई, पुणे, नागपूर त्यात येतात. त्याचं कलम 55 सांगतं की घर भाड्याने दिलं असो की लिव्ह अँड लायसन्सवर, करार लेखी हवा आणि तो नोंदणी कायद्याखाली नोंदवलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती त्याने पाळली नाही आणि दोष सिद्ध झाला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच कलमातली आणखी एक तरतूद करडीतल्या प्रत्येक घरात तोंडपाठ असायला हवी. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबाबत भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल. ते खोटं असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर.

म्हणजे कागद नाकारणारा मालक स्वतःचीच बाजू कमजोर करतो. हे मालकांना ठाऊक नसतं आणि किरायाने राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. दोघेही नोटरीच्या शिक्क्यावर विसंबून राहतात. नोटरीने कागद साक्षांकित केला म्हणजे त्याची नोंदणी झाली असं होत नाही. कलम 55 ला हवी असलेली नोंदणी दुय्यम निबंधकाकडेच होते.

मग हा अकरा महिन्यांचा हिशेब आला कुठून? 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. वर्षाच्या आत राहिलं की नोंदणी नको, ही जुनी पळवाट. देशभर ती चालत आली आणि महाराष्ट्रात सवयीने टिकून राहिली. खरं तर 2000 सालापासून इथे अकरा महिन्यांचा करारसुद्धा नोंदवावाच लागतो. पळवाट बुजली त्याला पंचवीस वर्षं झाली, तरी करार अकरा महिन्यांचाच होतो. दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवायची आणि नको असलेल्याला घालवायची सोय तेवढी मालकाच्या हातात राहते. लिव्ह अँड लायसन्सचा करार दोन वर्षांचा, तीन वर्षांचा, अगदी पाच वर्षांचाही करता येतो. तीन वर्षांच्या पदवीसाठी आलेल्या पोरीने तीन वर्षांचाच करार मागावा, यात गैर काय आहे?

खर्चाची भीती दोन्ही बाजूंना असते आणि ती फार वाढवून सांगितली जाते. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. संपूर्ण मुदतीचं भाडं घ्यायचं, त्यात डिपॉझिटवर दरसाल 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि त्या बेरजेचा पाव टक्का काढायचा. सात हजार महिना, दोन वर्षं म्हणजे 1,68,000. एकवीस हजारांवर दोन वर्षांचं व्याज 4,200. एकूण 1,72,200 आणि त्याचा पाव टक्का 430 रुपये. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500. वर कागदपत्र हाताळणीचे आणि करार भरून देणाऱ्याचे पैसे. एकेका वर्षाचे दोन करार करण्यापेक्षा दोन वर्षांचा एकच केला तर नोंदणी फी एकदाच लागते. नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन सोय आहे. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा देऊन घरबसल्या नोंदणी होते, कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

इतकं असूनही एक मोठी खोच उरते आणि या सगळ्या प्रश्नाचं मूळ तिच्यातच आहे.

1999 च्या कायद्यात भाडेकरूला मिळणारी संरक्षणं भक्कम आहेत. भाडं देत असेल, द्यायला तयार असेल, अटी पाळत असेल, तर त्याला काढता येत नाही. थकबाकी झाली तरी आधी नोटीस द्यावी लागते आणि थकबाकी भरायला 90 दिवस मिळतात. कोणत्या कारणांसाठी घर परत मागता येईल, त्याची यादी कलम 16 मध्ये आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई तोडणं हा कलम 29 खाली गुन्हा आहे. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. पण हे सगळं ‘भाडेकरू’साठी. आज नागपूर, पुणे, मुंबईत नव्याने राहायला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण कागदावर भाडेकरू नसतोच. तो लायसेन्सी असतो, म्हणजे ठरावीक काळ राहण्याची परवानगी मिळालेला माणूस. सगळे त्याला किरायेदार म्हणतात, तो स्वतःलाही तेच म्हणवतो. कायद्यातली भाडेकरूची व्याख्या मात्र त्याला दाराबाहेर ठेवते. मुदत संपली की मालक कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि लायसेन्सीने घर सोडलं नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागते. मालकासाठी वेगवान वाट कायद्याने आखून दिली आहे. लायसेन्सीचं डिपॉझिट मालकाने अडवलं तर तितकीच वेगवान वाट त्याच्यासाठी कुठेच नाही.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे आणि विदर्भाचा इतिहास मुंबईपेक्षा वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई पडली तेव्हा मुंबई प्रांताने 1947 चा भाडे कायदा आणला. भंडारा-नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं. इथे 1949 चा ‘सी.पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर’ लागू झाला. त्या आदेशाखाली घरमालकाला किरायेदाराला घर सोडण्याची नोटीस द्यायची झाली, तरी आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी काढावी लागे. त्याआधी पाठवलेली नोटीस बिनकामाची. घर रिकामं झालं की तेही प्रशासनाला कळवावं लागे आणि प्रशासन ते सरकारी नोकराला किंवा बेघर झालेल्याला द्यायला सांगू शके. नागपूरच्या जुन्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘रेंट कंट्रोलर’ हा शब्द अजून येतो तो यामुळे. पन्नास वर्षं विदर्भातला किरायेदार या दुहेरी भिंतीआड सुरक्षित होता.

त्या सुरक्षिततेची किंमतही होती. मुंबईत बहुतेक जुन्या घरांचं भाडं 1940 च्या पातळीला गोठलं. मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळी खचल्या, पागडीचा चोरटा बाजार उभा राहिला. कायदा चुकवायला मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहून घेऊ लागले. मग 1 फेब्रुवारी 1973 रोजी असे जे लोक घरात राहत होते, त्यांना सरकारने कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. मालकांच्या मनात तेव्हा बसलेली भीती तीन पिढ्या झाल्या तरी गेलेली नाही. पोरगी तीन वर्षं राहिली तर घर बळकावेल असं नागपूरच्या एखाद्या मालकाला आजही वाटतं ते त्याच भीतीतून. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की गोठवलेल्या भाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात अन्याय्य झाली आहे. त्यानंतर आलेल्या 1999 च्या कायद्याने मुंबई, विदर्भ आणि मराठवाड्याचे तीन वेगवेगळे कायदे एकत्र केले आणि भाडेकरूचं भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवायची मुभा दिली.

मालकांवर अन्याय झाला होता हे मान्य करायलाच हवं. पण तराजूचं एक पारडं वर आणताना दुसरं जमिनीला टेकलं, हेही तितकंच खरं. जुने भाडेकरू त्यांच्या चाळींत सुरक्षित राहिले आणि 2000 नंतर शहरात आलेली सगळी पिढी परवानगीवर राहणारी झाली. करडीसारख्या गावांमधून शहरात शिकायला आणि कामाला गेलेली पोरं याच पिढीतली.

डिपॉझिटच्या बाबतीत तर महाराष्ट्रात कमाल मर्यादाच नाही. मालक तीन महिन्यांचं मागतो, कधी सहा महिन्यांचं. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येणार नाही असं म्हटलं आहे. मालकाला खोलीत यायचं असेल तर 24 तास आधी कळवावं लागेल, वाद सोडवायला वेगळं भाडे प्राधिकरण आणि भाडे न्यायालय असेल, अशाही तरतुदी त्यात आहेत. पण घरं आणि जमीन हा राज्यांचा विषय, त्यामुळे हा मसुदा राज्यांनी आपापल्या विधिमंडळात आणायचा. उत्तर प्रदेशाने 2021 मध्येच स्वतःचा नवा कायदा केला. महाराष्ट्रात मात्र 1999 चाच कायदा चालू आहे.

डिपॉझिट राखायचं कसं, याची उदाहरणं परदेशात आहेत आणि मराठी घरांतली पोरं तिथे राहून ती अनुभवत आहेत. इंग्लंडमध्ये एप्रिल 2007 पासून बहुतेक खासगी भाडेकरारांत मालकाला डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावं लागतं, आणि आता त्यासाठी 30 दिवसांची मुदत असते. घर सोडताना वाद झाला तर ती योजना चालवणारी संस्था कागद, फोटो, पावत्या पाहून निवाडा देते. जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, ते मालकाच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवावं लागतं आणि भाडेकरूला तीन हप्त्यांत भरायची सवलत असते. पुण्याहून म्युनिकला गेलेल्या अभियंत्याला कायदा ज्या हप्त्यांची सोय देतो, ती करडीहून नागपूरला आलेल्या धान उत्पादकाच्या पोरीला मिळत नाही. खरी गरज तिलाच जास्त आहे.

सरकारचा स्वतःचा हिशेबही शहराच्या भाड्याशी जुळत नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूर, पुणे, मुंबईसारख्या शहरांत तिच्यातून वर्षाला 60,000 रुपये मिळतात आणि त्यातले निवासासाठी धरलेले 20,000. महिन्याला 1,666 रुपये. तेवढ्यात सात हजारांच्या खोलीतला अर्धा वाटाही भागत नाही आणि डिपॉझिटचा तर या हिशेबात विचारच नाही. योजना मोलाची आहे, कित्येक पोरं तिच्यामुळेच शिकली. तिच्यात डिपॉझिटपुरती वेगळी, परत करायची रक्कम जोडली तर ती खऱ्या अर्थाने पुरी पडेल.

गॅलरीतून विचारलेल्या त्या तिसऱ्या प्रश्नाकडे आता वळायला हवं. आडनाव काय?

1917 साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी येऊन त्यांना बाहेर काढलं. अठरा वर्षांनंतरही त्या दिवसाची आठवण त्यांना सोडत नव्हती आणि पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी ती लिहून ठेवली. 1954 मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक ते याच भंडाऱ्यातून लढले होते. त्या भंडाऱ्याच्या पोरापोरींना शहरात खोली मागताना आजही आडनावाची परीक्षा द्यावी लागते.

नागरी हक्क संरक्षण अधिनियम 1955 नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास मज्जाव करणं हा गुन्हा आहे. सत्तर वर्षं हा कायदा आहे. पण ‘खोली कालच गेली’ असं हसून सांगितलं की गुन्हा सिद्ध करायला काहीच उरत नाही. धर्म, खाणं, एकटं राहणारी बाई असणं यावरून नकार देणाऱ्या खासगी मालकाला थेट अडवणारा कायदा तर राज्यात नाहीच. भाडेकराराच्या नव्या कायद्याची चर्चा जेव्हा होईल तेव्हा हे कलम त्यात असलं पाहिजे. भाडं देऊ शकतो आणि अटी पाळतो, एवढ्यावरच माणसाला घर मिळायला हवं.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. या जूनमध्ये नागपूरला जाणाऱ्या बापाच्या हातात काय आहे, ते महत्त्वाचं. त्याने पहिलं पाऊल घरूनच टाकावं. खोली पाहायला कॉलेजच्या दिवशी न जाता आठवडाभर आधी जावं, म्हणजे संध्याकाळच्या गाडीची घाई मालकाच्या पथ्यावर पडत नाही. डिपॉझिट रोख न देता बँकेतून किंवा फोनवरून पाठवावं आणि पाठवताना शेऱ्यात ‘डिपॉझिट’ असं लिहावं. तेवढ्या एका शब्दाने पुढे पावतीचं काम होतं. नोंदणीचा खर्च आपण उचलतो असं स्वतःहून म्हणावं. पंधराशे-दोन हजारांत नऊ क्विंटल धान राखलं जात असेल तर तो सौदा स्वस्त आहे.

करारनामा हाती आला की तो सही करण्याआधी रात्रभर घरी ठेवावा. वाचताना नजर तीन जागी थांबवावी. एक, नोटिशीचा कालावधी : मालकाला एक महिना आणि लायसेन्सीला तीन, असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं, तो दोघांना सारखाच हवा. दुसरी जागा लॉक-इनची. ठरावीक महिने खोली सोडता येणार नाही असं लिहिलं असेल तर तेवढे महिने मालकालाही काढता येणार नाही, असं त्याच ओळीत यावं. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, डिपॉझिट परतीची. ‘घर सोडल्यावर परत करण्यात येईल’ एवढं पुरत नाही. ‘चावी दिल्याच्या दिवशी’ असे शब्द हवेत आणि कोणत्या कारणासाठी किती कपात होईल तेही हवं. कलम 29 चं संरक्षण लायसेन्सीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून पाणी आणि वीज तोडणार नाही अशी ओळ करारातच घालून घ्यावी. कायद्याने जे दिलं नाही ते करारात लिहून घ्यायला कुणाची बंदी नाही.

खोलीत सामान ठेवण्याआधी पोरीने फोनवर व्हिडिओ काढावा. ओल आलेली भिंत, तुटलेली कडी, गळका नळ, ओट्याचा उडालेला टवका, सबमीटरचा आकडा. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाच्या नंबरवर पाठवून द्यावा. दोन वर्षांनी ‘भिंत तुम्हीच खराब केली’ असं कुणी म्हणालं तर तारखेसकट उत्तर फोनमध्येच सापडतं.

आणि वाद झालाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावर फोन करता येतो. डिपॉझिटसारखा वाद दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीपुढे ठेवता येतो. ही सोय फार कमी पोरांना माहीत असते. कॉलेजं प्रवेशाच्या दिवशी शुल्काचा तक्ता, गणवेश, रॅगिंगविरोधी शपथपत्र सगळं हातात देतात. त्या गठ्ठ्यात नमुना भाडेकराराचं एक पान घालायला त्यांना फार कष्ट पडणार नाहीत.

करडीतही हे काम सुरू होऊ शकतं. गावात बाहेरून आलेले शिक्षक, आरोग्यसेविका, बँकेतले कर्मचारी किरायाने राहतात आणि गावातला व्यवहार शब्दावर चालतो. तो चालतो, कारण मालक आणि किरायेदार दोघांनाही चारचौघं ओळखतात. शब्द फिरवला तर पारावर जाब द्यावा लागतो. नागपूरच्या गल्लीत तो पार नाही. जूनच्या ग्रामसभेत अर्धा तास काढून शहरात जाणाऱ्या पोरांच्या आईबापांना एक नोंदवलेला करार प्रत्यक्ष दाखवता येईल. गेल्या वर्षी ज्यांची लेकरं गेली त्यांनी आपला कागद आणावा, शाळेतल्या मास्तरांनी तो कलमागणिक वाचून दाखवावा, नागपुरात कोणत्या घरमालकाने डिपॉझिट वेळेवर परत दिलं ते आईबापांनीच सांगावं.

राज्य सरकारकडे मागायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण पक्क्या आहेत. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यालाही कलम 29 लागू करावं. डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा घालावी. नोंदणी ऑनलाइन होतेच आहे. त्याच वेळी डिपॉझिट मालकाच्या खात्यात न जाता नोंदणी विभागाच्या नावे असलेल्या ठेवीत जमा होईल आणि चावी परत केल्याची नोंद दोघांच्या अंगठ्याने झाली की पोरीच्या बापाच्या खात्यात परत येईल, अशी व्यवस्था करावी. करार नोंदवण्यासाठी दोघांचे अंगठे आज घेतले जातातच. घर सोडतानाही ते घ्यावेत.